अडगळीचा चहा

मित्रांनो, मी एक जुनं घडीचं टेबल आहे. पाय चार, पण त्यातले माझे स्वतःचे तीनच. चौथा कुणाचा ते पुढे येईलच, घाई करू नका. आधी एक सांगून टाकतो. लोक मला 'ते' म्हणतात. 'ते सरकवा, ते मिटवा, ते भिंतीला लावून ठेवा.' व्याकरणाचा मान राखून मी ऐकून घेतो. मनातून मात्र मी 'तो' आहे, आणि माझी गोष्ट मी तसाच सांगणार.

मला एका सुतारानं वाचनालयासाठी बनवलं. वर्षातून एकदा जुनी पुस्तकं विकायला मांडायची, तेवढ्यापुरतं टेबल हवं होतं. लाकूड काही फार भारी नव्हतं, पण सुताराचा हात भारी होता. त्यानं माझे चारही कोपरे घासून गोल केले. "पोरं धावत येतात, डोक्याला लागायला नको," असं तो स्वतःशीच म्हणाला. त्या कोपऱ्यांचा मला आजही अभिमान आहे. पुढे वाचनालयात लोखंडी टेबलं आली आणि माझी रवानगी मागच्या जिन्याखाली झाली. तिथे मी धूळ खात पडलो होतो, तेव्हा मला शाईताई भेटली.

तिचं खरं नाव वेगळं आहे. पण बोटांना सदा शाई, म्हणून मुलांनी तिला शाईताई केलं आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. तेव्हा ती जाहिरातींच्या ऑफिसात नोकरी करायची. नव्या फ्रिजकडे बघून हसणारी कुटुंबं काढायची, दुसरं काही नाही. "दिवसभर दात काढते गं आई," ती घरी येऊन सांगायची, "आणि हसू मात्र एकदाही येत नाही." एक दिवस तिनं ती नोकरी सोडली. आईनं कपाळाला हात लावला. मग तोच हात खाली आणून तिच्या पाठीवर ठेवला आणि विचारलं, "आता काय करणार?"

"चित्रकथा काढणार. लोकांच्या."

मित्रांनो, चित्रकथा तुम्ही वाचताच. चौकटी असतात, चौकटीत माणसं असतात, आणि माणसांच्या डोक्यावर बोलण्याचे फुगे असतात. फुग्याला खाली एक छोटी शेपटी असते. ती शेपटी ज्याच्या तोंडाकडे जाते, ते वाक्य त्याचं. एवढीशी ती शेपटी, नखाएवढी. तिच्यापायी केवढं रामायण होईल, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

शाईताईनं मला वाचनालयाकडून मागून घेतलं, खांद्याला पट्टा लावला आणि आम्ही दोघं हिंडायला लागलो. शाळांची संमेलनं, बागेतले मेळावे, वसाहतींचे कार्यक्रम, जिथे चार माणसं जमतील तिथे. ती मला उघडायची, समोर एक खुर्ची ठेवायची आणि माझ्या कडेला पाटी लावायची: 'तुमची गोष्ट, चार चौकटींत.' समोर बसणारा बोलायचा, ती काढायची. चित्र पुरं झालं की ते त्या माणसाचं. तो ते घेऊन घरी जायचा. ती आपल्याकडे फक्त फोटो ठेवायची.

काय काय ऐकलंय मी! एका पोस्टमनला एकच कुत्रा दरवर्षी चावायचा, आणि एका वर्षी चावला नाही म्हणून हा माणूस काळजीनं त्याची चौकशी करायला गेला. एका बाईंनी हरवलेल्या चष्म्याची गोष्ट सांगितली. चष्मा कपाळावरच होता, आणि शाईताईनं चौथी चौकट काढून दाखवेपर्यंत बाईंच्या ते ध्यानात आलं नव्हतं. लोक हसून हसून बेजार. माझ्याभोवती अशी गर्दी व्हायची की पलीकडे ठेवलेली लोखंडी टेबलं नुसती बघत राहायची. त्यांची तोंडं आठवून मला अजून बरं वाटतं.

घरी आलं की आई सगळे फोटो बघायची. आईची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि आधी विचारायचं, 'कोण बोलतंय?' निवृत्त झाली तरी सवय गेली नाही. प्रत्येक फुग्यावर बोट ठेवून ती तेच विचारायची. "हे कोण बोलतंय? कुत्रा की पोस्टमन?" शाईताई वैतागायची. "आई, शेपटी दिसत नाही का तुला?" "दिसते गं. पण खात्री करून घेतलेली बरी." मग शाईताई पुटपुटत ती शेपटी आणखी ठळक करायची.

आता आजोबांकडे येतो.

एका वसाहतीच्या हॉलमध्ये मेळावा होता. दुपारी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि खुर्चीत बसले. जन्मभर बस चालवलेली. सगळी वसाहत त्यांना ड्रायव्हरआजोबा म्हणायची. काठीच्या टोकाशी त्यांनी चमकणारी लाल पट्टी गुंडाळली होती. शाईताईनं विचारलं तर म्हणाले, "मागचा दिवा आहे तो. मागून येणाऱ्याला कळायला नको?" त्यांच्या खुर्चीमागे त्यांची सून उभी होती. ती घरी शिवणकाम करायची. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. आजोबांचा मुलगा बोटीवर नोकरीला, महिनेच्या महिने बाहेर. घरी दोघंच, सासरा आणि सून.

आजोबांनी गोष्ट सांगितली. निवृत्त झाल्यावर घरात बसायला जागा सापडेना. पलंगावर बसावं तर तिथे शिवायचे कपडे. खुर्चीवर बसावं तर तिथे शिवलेले कपडे. खिडकीत बसावं तर सून म्हणते, उजेड अडतो. शेवटी ते कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले, भोवती कापडांचे ढीग, आणि स्वतःलाच उद्देशून मोठ्यानं म्हणाले, "नुसती अडगळ झालीय घरात!"

"आणि ही," आजोबा अंगठ्यानं मागे दाखवत म्हणाले, "मशीनवरून मान वर न करता काय म्हणाली माहितेय? म्हणाली, 'मग अडगळीचा चहा टाकायचा ना?'"

"अहो, काय घरातलं चव्हाट्यावर सांगताय," वहिनी लाजून म्हणाल्या, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

"असा ठसका लागला मला! अडगळीचा चहा!" आजोबांनी हसत हसत माझ्यावर थाप मारली. बस चालवलेला हात तो. माझा उजवीकडचा पुढचा पाय बिजागरीतून निखळला, मी कलंडलो, आणि शाईची बाटली सरळ आजोबांच्या पँटवर गेली.

"आता हा डाग काढायचा कुणी?" वहिनी म्हणाल्या. "अडगळीनं?"

सांडलेली शाई बघून हॉल हास्यानं दणाणला; आधीची गोष्ट मात्र मेळाव्याच्या गोंगाटात आम्हा चौघांपलीकडे कुणाला ऐकू गेली नव्हती. त्या गडबडीत शाईताईनं मांडीवर कागद धरून चित्र पुरं केलं. चौथ्या चौकटीत डावीकडे स्टुलावर आजोबा, उजवीकडे मशीनवर वहिनी, दोघांच्या डोक्यावर एकेक फुगा, दोन्ही शेपट्या जिथल्या तिथे. आजोबांनी चित्राची घडी करून ते खिशात घातलं, आणि त्या रात्री डाग काढताना ते पँटबरोबर धुतलं गेलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. हातात चार टेकूंची नवी काठी आणि काखेत जुनी.

"मला आता चार पाय मिळालेत," ते शाईताईला म्हणाले, "आणि माझ्यामुळे ह्या बिचाऱ्याचे तीन झालेत. काही न्याय आहे की नाही?" वहिनींनी गळ्यातली टेप काढून माझ्या बाकीच्या पायांचं माप घेतलं. वसाहतीतल्या सुतारानं जुन्या काठीची मूठ कापली आणि ती मला बसवून दिली. तर मित्रांनो, हा माझा चौथा पाय. त्याला खाली रबरी बूट आहे आणि मागचा दिवाही आहे. बाकीच्या तिघांपेक्षा तोच जास्त मजबूत निघाला.

त्यानंतर शाईताईचे दिवस पालटले. चार चौकटींच्या गोष्टींचं पुस्तक काढायचं ठरलं. एका प्रकाशकांनी तिला बोलावून घेतलं, आणि तिनं एक विजेची पाटी आणली, जिच्यावर काचेवरच चित्र काढता येतं. शाई नाही, डाग नाही, आणि टेबलही लागत नाही, पाटी मांडीवरच मावते. मला मिटवून अडगळीच्या खोलीत ठेवलं गेलं. हो, अडगळीच्याच. एका बाजूला जुना पंखा, दुसऱ्या बाजूला आईची शिडी. पंखा मिनिटभर गप्प बसत नाही, वारा आला की कुरकुरतो. शिडी उंचीच्या तोऱ्यात. मी दिवस ढकलत होतो. वाईट वाटलं का? वाटलं. पण बाहेरच्या खोलीतून शाईताईचं कौतुक कानावर यायचं आणि मी म्हणायचो, चला, निदान आपली पोर मोठी झाली.

पुस्तकाच्या वेळी घाई फार होती. सगळी चित्रं फोटोंवरून पाटीवर नव्यानं काढायची होती. आजोबांचं पान पुस्तकात उजव्या हाताला आलं, आणि प्रकाशक म्हणाले, "शेवटच्या चौकटीतली माणसं पानाबाहेर बघतायत. आत वळवा." पाटीवर हे काम एका बटणाचं. शाईताईनं बटण दाबलं. चित्र आरशातल्यासारखं उलटं झालं. आजोबा डावीकडून उजवीकडे गेले, वहिनी उजवीकडून डावीकडे आल्या. पण अक्षरं उलटी झाली तर वाचणार कोण? म्हणून फुगे वेगळ्या थरावर ठेवलेले असतात, चित्रावर दुसरी काच ठेवावी तसे. ते हलले नाहीत. शेपट्याही हलल्या नाहीत.

आलं ध्यानात?

आता वहिनी म्हणत होत्या, 'नुसती अडगळ झालीय घरात!' आणि कोपऱ्यातला म्हातारा माणूस विचारत होता, 'मग अडगळीचा चहा टाकायचा ना?'

एक अक्षर बदललं नव्हतं. आपल्या भाषेत 'मी' आणि 'तुम्ही' गाळूनही वाक्य पुरं होतं, त्यामुळे ते कुणाच्याही तोंडी चपखल बसलं. दोघांनी एकमेकांवर केलेली माया होती ती. एका बटणानं ती छळ होऊन बसली. नेहमी आई बोट ठेवून विचारायची, पण त्या पुस्तकाची पानं आईला दाखवायला शाईताईला सवड झाली नाही.

पुस्तक गाजलं. त्याला मोठं बक्षीस मिळालं. समारंभ झाला त्या दिवशी संध्याकाळी शाईताई घरी आली ती थेट अडगळीच्या खोलीत शिरली, मी भिंतीला टेकून होतो तिथे जमिनीवर बसली आणि माझ्या फळीला डोकं टेकून रडायला लागली. आई मागोमाग आली.

"काय गं? बक्षीस मिळालं ना? मग रडतेस कशाला?"

शाईताईनं पुस्तक उघडून ते पान पुढे केलं. आईनं चष्मा लावला, बोट ठेवलं.

"हे कोण बोलतंय? सून?" आई थांबली. "अगं, पण तू तर मला सांगितलं होतंस, आजोबा स्वतःलाच..."

"तेच तर. मी उलटं केलं."

"मग सांगून टाकायचंस तिथल्या तिथे."

"मला तिथेच कळलं, आई. परीक्षकांनी स्टेजवर हेच पान वाचून दाखवलं. 'सून म्हणते,' असं म्हणून त्यांनी वाचलं आणि मी पान पुन्हा बघितलं. ते म्हणाले, एका वाक्यात अख्ख्या घराचं निर्दय सत्य मांडलंय. ह्याच चित्रामुळे पुस्तकाला बक्षीस आहे, असं म्हणाले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या हातात माईक दिला."

"आणि?"

"मी आभार मानले आणि खाली उतरले."

मित्रांनो, चूक बटणाची होती, हे मी आजही म्हणेन. पण माईक हातात असताना गप्प बसणं बटणाचं नव्हतं, आणि हे शाईताईला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती सारखी एकच म्हणत होती, "मला टाळ्या आवडल्या गं. त्याही वेळी आवडल्या."

इतक्यात तिचा फोन वाजला. वसाहतीचे सेक्रेटरी होते. आवाज असा खणखणीत की आम्हा तिघांनाही ऐकू येत होता, म्हणजे आई, मी आणि शिडी.

"अभिनंदन! आमच्या वसाहतीची गोष्ट आणि एवढं मोठं बक्षीस! ऐका, पुढच्या रविवारी मेळावा ठेवलाय. तुम्ही यायचंच. ते चित्र मोठं करून फाटकावरच लावलंय, दरवाज्याएवढं."

"आजोबा कसे आहेत?" शाईताईनं कसंबसं विचारलं.

"अहो, ते गेले की. पुस्तक यायच्या आधीच. बरं झालं तुम्ही त्यांचं दुःख मांडलंत. आम्हाला काय वाटायचं, सून किती करते त्यांचं! माणसाचं आत एक, बाहेर एक. मुलगाही आलाय बोटीवरून, तो तर बायकोशी बोलेनासाच झालाय. घरातल्या घरात अबोला. बोलणार तरी काय? तिच्या तोंडचं वाक्य सगळ्यांनी वाचलंय."

"नाही हो, ते तसं..." शाईताई म्हणाली.

"तुम्ही या हो, मग निवांत बोलू!" आणि फोन बंद.

बक्षिसाचं मानचिन्ह तिनं कपाटात उलटं करून ठेवलं. प्रकाशकांना फोन केला तर ते म्हणाले, "तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? चुकून का होईना, चित्र दमदार झालंय. आता हात लावलात तर त्यातला जीव जाईल." मग तिनं वहिनींचा नंबर मिळवला. आई माझ्या खोलीच्या दारात उभी होती. पलीकडून आवाज आला, दमलेला. "हॅलो, कोण बोलतंय?"

शाईताईनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पलीकडून पुन्हा एकदा "कोण बोलतंय?" आणि शाईताईनं फोन ठेवून दिला.

"नोकरीत असे फोन फार बघितले मी," आई म्हणाली. "माणूस जोडून द्यावा आणि ह्यानं ठेवून द्यावा. पलीकडचा बिचारा हॅलो हॅलो करत राहतो." ती मला हात लावायला वाकली. "हे घेऊन जा रविवारी. समोरासमोर बस. फोनवर नाही व्हायचं तुझ्यानं."

शाईताईनं मला उचललं, धूळ पुसली, पाय उघडले. चौथ्या पायाची लाल पट्टी चमकली. ती तिच्याकडे बघत राहिली. आजोबांची थाप, ती हसरी दुपार, सगळं तिच्यासमोर उभं राहिलं असणार. आजोबा गेले होते. ते वाक्य त्यांचं होतं हे छातीठोकपणे सांगू शकेल असं, वहिनी सोडल्या तर, आता दोघंच उरलो होतो. ती आणि मी. वहिनींचं कुणी ऐकत नव्हतं आणि टेबलाला तोंड नसतं.

रविवारी आम्ही फाटकाशी पोचलो आणि शाईताईनं मान वर करून बघितलं. ते चित्र खरोखरच दरवाज्याएवढं होतं. वहिनींचं तोंड ताटाएवढं. त्यांना दळण आणायला, धागे आणायला, कुठंही जायचं तर ह्याच फाटकाखालून जायचं. सेक्रेटरी हार घेऊन पुढे आले. मागे बरीच माणसं जमली होती. गर्दीच्या कडेला वहिनी होत्या, एकट्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना माणूसभर जागा मोकळी राहिली होती. त्यांचा नवरा दुसऱ्या टोकाला, हाताची घडी घालून उभा.

शाईताईनं हार घेतला नाही. तिनं मला फाटकाखाली उघडलं, पिशवीतून पांढरा रंग, काळा रंग आणि दोन कुंचले काढले, आणि चपला काढून माझ्यावर चढली. मी जीव खाऊन ताठ उभा राहिलो.

"अहो, हे काय करताय?" सेक्रेटरी ओरडले.

तिनं पांढऱ्या रंगानं पहिली शेपटी पुसली. मग दुसरी. दोन फुगे अधांतरी राहिले. मग ती वळली.

"हे वाक्य वहिनींचं नाही," ती म्हणाली. "आजोबांनी स्वतःला गमतीनं अडगळ म्हटलं होतं. इथल्याच हॉलमध्ये, ह्याच टेबलावर थाप मारून. चहाचं विचारलं होतं ते वहिनींनी. मी चित्र उलटं केलं आणि ह्यांची वाक्यं अदलाबदल झाली. ही माझी चूक. आणि बक्षीस घेताना मला ते कळलं होतं, तरी मी गप्प राहिले. कारण सगळे टाळ्या वाजवत होते. ही चूक नाही, हे मी केलंय."

त्या मोकळ्या जागेतून वहिनी चालत आल्या. टेप गळ्यातच होती. त्यांनी मान वर करून शाईताईकडे बघितलं.

"खाली उतरा," त्या म्हणाल्या.

शाईताई उतरली.

"एवढे दिवस मी प्रत्येकाला सांगत होते, मी नाही असं बोलले. काय म्हणायचे माहितेय? छापलंय की, म्हणायचे." वहिनींचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "त्या दिवशी फोन तुमचाच होता ना?"

"हो."

"वाटलंच मला. द्या तो कुंचला. शेपटी मी काढणार."

आणि त्या माझ्यावर चढल्या. जमीन तिथे जरा उताराची होती. चौथा पाय सरकायला लागला, रबर झिजलेलं, आणि मी घाबरलो. तेवढ्यात कुणीतरी धावत आलं आणि गुडघ्यावर बसून तो पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. वहिनींचे यजमान होते. त्यांनी पाय धरला खरा, पण त्यांची नजर त्या लाल पट्टीवर गेली आणि तिथून हलेना.

"ही बाबांची काठी आहे," ते स्वतःशीच पुटपुटले. "मीच आणून दिली होती. कुठे गेली म्हणून मी..."

"त्यांनीच दिली ह्याला," वहिनी वरून म्हणाल्या. "हसता हसता ह्याचा पाय मोडला होता त्यांनी. तुम्हाला सगळं सांगितलं असतं. तुम्ही विचारलंत कुठे?"

त्यांनी काठीला कपाळ टेकवलं. ते रडत होते, हे वरच्यांना दिसलं नसेल, मला कळलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "जपून गं. मी धरलंय." कित्येक दिवसांत ते त्यांचं बायकोशी पहिलं वाक्य होतं.

वहिनींनी कापडावर खडूची रेघ मारावी तशी एका दमात शेपटी काढली. 'नुसती अडगळ झालीय घरात!' थेट आजोबांच्या तोंडापर्यंत. मग दुसरी, स्वतःच्या. शेपट्या काही फार सुबक आल्या नाहीत. एक तर इतकी जाडजूड झाली की आजोबांनी नक्की काहीतरी शेरा मारला असता. पण आता वाचणाऱ्याला कुणी सांगायची गरज नव्हती. गर्दीत एकजण हसला, मग दुसरा, मग चित्रातल्या त्या म्हाताऱ्याकडे बघून हॉलमधल्यासारखे सगळे हसले. काहीजण मात्र माना खाली घालून उभे होते. सेक्रेटरी हाराचं काय करावं ते न कळून तो ह्या हातातून त्या हातात घेत होते.

बक्षीस शाईताईनं परत पाठवलं. पुस्तकातलं पान बदललं. पण सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. खाली उतरल्यावर वहिनी तिला म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल." शाईताईनं मान हलवली. तो रविवार आठवला की अजूनही ती हातातलं काम थांबवते. आई तेव्हा नुसती जवळ येऊन बसते.

आता आम्ही पुन्हा हिंडतो, ती आणि मी. एक रीत मात्र बदलली. चारी चौकटी ती काढते, फुगे काढते, आणि शेपट्या मोकळ्या सोडून लेखणी समोरच्या माणसाच्या हातात देते. "तुम्हीच सांगा, कोण बोलतंय." वेड्यावाकड्या येतात शेपट्या, शाई सांडते, मला डाग पडतात. पडू देत.

आणि हो, त्या रविवारी मेळावा संपता संपता वहिनी एक कप घेऊन आल्या. शाईताईला वाटलं आपल्यासाठी आणला, तिनं हात पुढे केला. पण वहिनींनी तो माझ्यावर ठेवला, उजवीकडच्या पुढच्या कोपऱ्यात, बरोबर चौथ्या पायाच्या डोक्यावर.

"हा अडगळीचा," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला एकच विनवतो. टेबलांवर नाचू नका, कोपऱ्यांवर नावं कोरू नका, हे मी सांगायला नको. पण कुणाचं बोलणं पुढे सांगाल, लिहाल, काढाल, तेव्हा आधी त्यावर बोट ठेवा आणि विचारा, कोण बोलतंय? आणि तो माणूस अजून सांगू शकतोय तोवर विचारा. त्या कपाचा गोल डाग माझ्या कोपऱ्यावर अजून आहे. शाईताई रोज सगळं टेबल पुसते, आणि तेवढा सोडून देते.